चुगलखोर भुवई

माझा चष्मा मोडला तो माझ्याच पायाखाली, आणि तोही अशा दिवशी, जेव्हा दुपारी शाळेत मुलं माझी वाट बघत बसणार होती. चष्म्याशिवाय मला जग पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं दिसतं. चाचपडत, दोन माणसांना आणि एका दिव्याच्या खांबाला ‘सॉरी’ म्हणत मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले.

आत एक उंच, हसतमुख माणूस उभा होता.

“अहो, मला तासाभरात चष्मा हवाय. करून द्याल?”

तो नुसता हसत राहिला. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तरी ढिम्म.

“तो काही बोलणार नाही,” माझ्या मागून आवाज आला. “पुठ्ठ्याचा आहे. मी इकडे.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं! वळून बघितलं, तर निळ्या शर्टातला एक धूसर आकार. त्याने मला हाताला धरून नव्हे, तर नुसती खुर्ची ओढल्याचा आवाज करून बसायची जागा दाखवली, हे मला आवडलं. नंबर तपासला. मग एकामागून एक फ्रेम माझ्या नाकावर चढवत गेला आणि स्वतःशीच ‘छे’, ‘अंहं’ म्हणत उतरवत गेला.

“तुमची जुनी फ्रेम कुणी निवडली होती?”

“बाबांनी. का?”

“खिडक्या आहेत खिडक्या. एवढ्या छान भुवया झाकून ठेवल्या होत्यात?”

“भुवयांचं माझ्या कामात काही काम नसतं,” मी शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाले.

शेवटी एक बारीक, सोनेरी फ्रेम बसली. काचा घासून येईपर्यंत मी तिथेच थांबले, आणि पहिल्यांदा नीट दिसलं ते त्याचं हसू. पुठ्ठ्याच्या माणसापेक्षा नक्कीच बरं होतं. एक दात किंचित पुढे, आणि डोळे असे की गंभीर बोलतानाही चेष्टा करतायत असं वाटावं.

“असं काय काम करता तुम्ही, की भुवया लागत नाहीत?”

मी सांगितलं. विद्यार्थी संगीत कसं ऐकतात आणि कसं शिकतात, यावर माझं संशोधन चालू होतं. हेडफोनमधून दोन सूर ऐकवायचे आणि मुलाने सांगायचं, दुसरा सूर वर गेला की खाली. मग एक छोटीशी धून ऐकवायची, ती त्याने गाऊन दाखवायची, आणि त्याचा आवाज किती चुकला ते संगणक मोजणार. मग काही आठवडे शिकवायचं आणि पुन्हा तेच मोजायचं.

“म्हणजे बेसूर माणसं शोधता.”

“बेसूर माणूस नसतोच. सगळ्यांना गाता येऊ शकतं. तेच तर मला सिद्ध करायचंय.”

“मला अजून ऐकलं नाहीत तुम्ही.”

आणि त्याने काउंटरच्या पलीकडे ताठ उभं राहून खरंच गायला सुरुवात केली. बाकावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी एका ओळीतच पेपर खाली घेतला. कुठल्या गाण्याची ओळ होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“शाळेत बाईंनी मला गाणाऱ्या मुलांच्या शेवटच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव,” तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण त्यानंतर उगाचच काच पुसायला लागला. “आता बहिणीची मुलगी आहे, वर्षाची. मी अंगाई म्हटली की किंचाळून रडते.”

मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. “मोठ्या माणसांचाही एक गट घेतेय मी,” मी म्हणाले. “कधीच गायला न शिकलेल्यांचा. शनिवारी याल?”

“फ्रेमवर सूट मागाल, असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “हे तर महागात पडलं.”

पण शनिवारी तो आला.

आमच्या विभागप्रमुख बाईंचा एक नियम होता – परीक्षा घेणाऱ्याचा चेहरा भिंतीसारखा हवा. समोरच्याने उत्तर चेहऱ्यावर वाचता कामा नये. बाईंचा स्वतःचा चेहरा जन्मजातच भिंत होता. मी मात्र आरशासमोर बसून सराव केला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. यंत्र नीट वाजतंय ना हे कळावं म्हणून मीही कानाला हेडफोन लावून मुलांच्या समोर बसायचे. हसायचं नाही, मान हलवायची नाही, ओठ मिटलेले.

चष्मेवाला समोर बसला. मी सूर ऐकवायला लागले.

“वर,” तो म्हणाला. बरोबर. “खाली.” बरोबर. “खाली... वर... वर.” बरोबर, बरोबर, बरोबर! इतके जवळजवळचे सूर, की गाणं शिकलेली माणसंही तिथे अडखळतात, आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे टक लावून बघत एकेक उत्तर सोडतोय. एकही चूक नाही. मग धून गायला सांगितली, आणि खिडकीतलं कबुतर उडून गेलं.

मी आतून उड्या मारत होते. कान असा तयार आणि गळा असा अनघड! हाच माणूस मला हवा होता. याचा गळा मी सुरात आणला, तर माझं म्हणणं कुणाला नाकारता येणार होतं?

“कान सोन्याचा आहे तुमचा,” मी म्हणाले.

“आणि गळा?”

“गळ्याचं बघू.”

“म्हणजे मला पुन्हा यावं लागणार,” तो म्हणाला, आणि चेहरा असा केला की जणू फार वाईट बातमी आहे.

तो येत राहिला. शनिवार झाले, मग बुधवारही झाले. मी सूर द्यायचे, तो त्याच्या आसपास कुठेतरी उतरायचा. धुनेतला चौथा सूर तर त्याला हमखास हुलकावणी द्यायचा. शिकवून झालं की कोपऱ्यावर चहा. चहाच्या वाफेने माझ्या काचा धुरकटल्या की तो हात पुढे करायचा, चष्मा पुसून द्यायचा, आणि खिशातून चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढायचा.

“सैल झालाय.”

“बुधवारीच आवळलात ना?”

“बुधवारी घाईत आवळला होता.”

चष्मा नसताना मला तो पुन्हा निळा धूसर आकार दिसायचा, आणि त्या आकाराकडे बघत राहायला मला कसलीच लाज वाटायची नाही. आपण कुठे बघतोय हे त्याला दिसत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिकडे शाळेतही गंमत झाली होती. मुलांचे गुण अचानक वाढले होते. दोन वेण्यांची एक मुलगी होती, आम्ही तिला मुकी मैना म्हणायचो. “मला नाही येत, ताई,” एवढं एकच वाक्य तिला यायचं. तीसुद्धा धडाधड बरोबर उत्तरं द्यायला लागली आणि हळूहळू गुणगुणायलाही लागली. मी निकाल घेऊन बाईंकडे धावले. माझ्या शिकवण्याचा हा चमत्कार होता, दुसरं काय!

बाईंनी कागद खालीवर बघितले. “एवढं चांगलं असेल, तर एकदा पुन्हा बघ,” एवढंच म्हणाल्या. शाळेच्या समितीपुढे निकाल मांडायला दीड-दोन महिने उरले होते. समितीने मान्य केलं, तर शाळेत गाण्याच्या वर्गासाठी निवड बंद होणार होती, सगळ्यांना दार उघडणार होतं. नाही केलं, तर ज्यांना येत नाही ती मुलं पूर्वीसारखीच शेवटच्या रांगेत ओठ हलवणार होती. मी बघितलं नाही. मी हवेत होते.

आणि मग तो बुधवार.

“आज तुम्ही मला फसवलंत,” हेडफोन काढत तो म्हणाला. “शेवटून दुसऱ्याला.”

“मी? कसं?”

“भुवई उशिरा हलली तुमची.”

मला काही कळलंच नाही. “कसली भुवई?”

“डावी.” त्याने अगदी निरागसपणे स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. “सूर वर गेला की ती वर जाते. खाली आला की दोन्ही जराशा उतरतात. गाण्याच्या बाई हाताने दाखवतात ना... मला वाटलं, तुमची ही पद्धत असेल.”

मी उठले, त्याची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्याला पाठमोरा बसवून पुन्हा तीच परीक्षा घेतली. अर्धी उत्तरं चुकली. नाणं उडवून सांगितलं असतं, तरी तेवढीच बरोबर आली असती.

“तुम्ही आधी का नाही बोललात?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “माझी सगळी मेहनत... मुलांचे निकाल... सगळं पाण्यात गेलं!”

“मला खरंच माहीत नव्हतं.” त्याचा चेहरा उतरला होता. “आणि एक सांगू? पद्धत असती-नसती, तरी मी बघितलंच असतं. मी तिकडेच बघत होतो.”

एरवी या वाक्यावर मी रात्रभर जागले असते. त्या क्षणी मात्र मी दाराकडे बोट दाखवलं. “जा तुम्ही.”

तो गेला. दारात थांबून म्हणाला, “तुमच्या जुन्या चष्म्यात भुवया दिसत नव्हत्या. फ्रेम पार वरपर्यंत होती. काही उपयोग झाला तर बघा.” आणि खरंच गेला.

घरी येऊन मी यथेच्छ रडले. मग त्याचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं. जुन्या चष्म्यात दिसत नव्हत्या... मी निकालांच्या तारखा काढून बसले. मुलांचे गुण वाढले होते ते माझ्या शिकवण्यामुळे नव्हे. ज्या दिवशी त्या सोनेरी फ्रेममध्ये शाळेत गेले, त्या दिवसापासून! भिंतीचा मला एवढा अभिमान, आणि भिंतीला वर दोन चुगलखोर खिडक्या होत्या.

सकाळी बाईंसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बाईंनी माझ्या कानाला हेडफोन लावले, एक सूर वाजवला, मग दुसरा, मग तिसरा. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. आणि बाई हसल्या! पोट धरून हसल्या. त्यांना हसताना विभागात कुणीच बघितलं नव्हतं.

“अगं, ही तर नाचतेय!”

“बाई, माझं सगळं संपलं.”

“संपलं कसं? आता कुठे प्रश्न हाताला लागलाय.” त्यांनी डोळे पुसले. “मुलं तुझी भुवई बघून नुसती उत्तरं चोरतात, की चेहरा बघता बघता सूर शिकतात? ती मुकी मुलगी गुणगुणायला लागली ना? ते काय भुवईने केलं? हे शोधून दाखव. आणि शेवटची परीक्षा मी घेणार. तू खोलीत यायचंसुद्धा नाहीस.”

दोन गट केले. दोन्ही गटांना नवी धून मीच शिकवणार, माझ्याच आवाजात, तेवढाच वेळ. एका गटाला मी समोर दिसणार, दुसऱ्यासाठी पडद्याआडून गाणार. मग काही दिवसांची सुट्टी, आणि शेवटी दोन्ही गटांची परीक्षा पडद्याआडूनच, बाईंकडे. शिकली असतील तर गातील. चोरलं असेल तर उघडी पडतील.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. मी त्या दुकानात गेले. पुठ्ठ्याच्या माणसाला या वेळी ओळखलं.

“मला माझा इथे राहिलेला जुना चष्मा हवाय. मोडका का असेना,” मी काउंटरला म्हणाले, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं.

त्याने खणातून डबी काढली. चष्मा अखंड होता. काडी जोडलेली, काचा नव्या.

“मी येणार हे ठाऊक होतं?”

“अजिबात नाही. तुम्ही येईपर्यंत हातांना काहीतरी काम हवं होतं.”

“मी... फार ओरडले तुमच्यावर.”

“डावी भुवई कळवत होतीच. शब्द जरा नंतर आले.”

मी हसले, आणि एकदम हलकं हलकं वाटलं. मग मी त्याला सांगायचं ते सांगून टाकलं. “तुमचा निकाल मला आता वापरता येणार नाही. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याबरोबर रोज चहा पिऊन चालत नाही. नियम आहे.”

तो गंभीरपणे विचारात पडला. डोळे मात्र चेष्टाच करत होते. “मग परीक्षा राहू द्या. चहा चालू ठेवू.”

“आणि गाणं?”

“शिकवायला नियम आड येत नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “शिकवायला काहीच आड येत नाही.”

पुढचे आठवडे कसे गेले, विचारू नका. शाळेत एका तासाला सोनेरी चष्मा घालून मुलांसमोर मनसोक्त गायचं, कपाळ हवं तेवढं नाचू द्यायचं. दुसऱ्या तासाला पडद्याआड बसायचं, आणि तिथेही सवयीने भुवया उडवायच्या, कुणी बघत नसताना! चष्मेवाल्याला मी समोर बसून शिकवायचे. तो बघायचा, गायचा, चौथ्या सुरावर पडायचा, परत उठायचा. हळूहळू त्याचा आवाज माझ्या आवाजाच्या जवळ यायला लागला. पण बाहेरची कामं आहेत असं सांगून शेवटचे काही दिवस तो फिरकलाच नाही. माझ्याकडे पाठ फिरवली की तो सगळं विसरतो, हे मला माहीत होतं. त्याची परीक्षा घ्यायची नव्हती, तरी मला धाकधूक होतीच.

समितीचा दिवस उजाडला. सभागृहात मोठमोठी माणसं, समोर पडदा, पडद्याआड मुलं. मी सगळं सांगितलं, भुवईसकट. सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ मात्र हसले नाहीत.

“म्हणजे तुमची मुलं चेहऱ्यावरून उत्तरं ढापत होती. मग उरलं काय?”

हाच प्रश्न यावा, म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. “ते मी नको सांगायला,” मी म्हणाले. “तुम्हीच ऐका.”

बाईंनी खूण केली. पडद्याआडून मुकी मैना गायला लागली. एकटी. समोर कुणाचा चेहरा नाही, भुवई नाही. बाजूच्या भिंतीवर संगणकाने दाखवलेली धुनेची निळी रेघ होती आणि तिच्या आवाजाची लाल रेघ तिच्याबरोबर चढत होती, उतरत होती, जवळजवळ तिला चिकटून. ज्यांनी चेहरा बघितला होता त्या गटातली मुलं एकामागून एक तशीच गायली. पडद्याआडून शिकलेली मुलंही आधीपेक्षा बरी गायली, पण त्यांची रेघ दूर दूर भटकत होती. बाईंनी सगळ्या मुलांचे आकडे वाचून दाखवले. फरक आंधळ्यालाही दिसला असता.

“चोरलं नव्हतं त्यांनी,” मी म्हणाले. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. “मुलं डोळ्यांनीही ऐकतात. आपण त्यांना बेसूर म्हणून शेवटच्या रांगेत ढकलतो, जिथून गाणाऱ्याचा चेहराच दिसत नाही. त्यांना पुढे बसवा. एवढंच.”

मग जाडजूड गृहस्थच उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. मागोमाग अख्खं सभागृह! वर्ग सगळ्यांसाठी उघडायचा, हे तिथल्या तिथे ठरलं. मैनेने पडद्याआडून धावत येऊन मला मिठी मारली. “ताई, मला येतं!” आणि बाईंची भिंत दुसऱ्यांदा ढासळली.

सगळे गेले. रिकाम्या सभागृहात मी एकटीच वायरी गुंडाळत होते. आणि पडद्याआडून कुणीतरी गायला लागलं.

तीच धून. हळू आवाजात, जपून. पहिला सूर, दुसरा, तिसरा... माझे हात थांबले. चौथा आला, आणि थेट जागेवर बसला. मग पाचवा.

“भाची आता रडत नाही,” पडदा म्हणाला. “झोपते. गेले काही दिवस रोज. डोळे मिटून गात होतो, तुम्हाला न बघता. फार अवघड गेलं.”

“म्हणून दिसत नव्हतात?”

“बघितलं असतं, तर शिकलो की नाही ते कळलं नसतं.”

मी पडदा सरकवला. तो निळ्या शर्टात पाठमोरा उभा होता, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

“आता वळू? एक प्रश्न विचारायचाय. तो मात्र बघूनच विचारणार.”

“वळ,” मी म्हणाले. ‘तुम्ही’ कुठे गेलं, कोण जाणे.

तो वळला. डोळ्यांत चेष्टा नव्हती, पहिल्यांदाच.

“गाणं कधी सोडणार नाही. चष्मे पुसत राहीन. चहा मीच करीन. आयुष्यभर माझ्यासमोर बसशील?”

मी सरावाने चेहरा भिंतीसारखा केला. ओठ मिटले, मान सरळ. मग वाटलं, कशाला? मी चष्मा काढला. तो धूसर झाला, निळा झाला, त्याचं हसू मला दिसेनासं झालं. पण त्याला माझं सगळं कपाळ मोकळं दिसत होतं.

मग अगदी जवळून, माझ्या कानाशी त्याचा आवाज आला.

“वर,” तो म्हणाला.

उत्तर बरोबर होतं.